चोंदलेलें नाक

राधानगरीसारख्या गांवीं, जेथें आषाढांत सूर्यदर्शन दुर्मिळ आणि दोरीवरचे कपडे चार चार दिवस ओलेच, तेथें नाक चोंदणें हा आजार न मानतां ऋतुधर्म मानिला जातो. शाहू छत्रपतींनीं भोगावतीवर आरंभिलेल्या आमच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय भरला कीं ते आपोआप उघडतात. नाकाचेंही तसेंच असावें, अशी आम्हां गांवकऱ्यांची भाबडी समजूत.

बहुधा होतेंही तसेंच. साधें पडसें सात ते दहा दिवसांत ओसरतें. तें विषाणूंमुळें होत असल्यानें प्रतिजैविकें त्यावर व्यर्थ होत. गवती चहा, विश्रांति आणि धीर एवढें पुरतें. परंतु धीर कोठें संपतो व दिरंगाई कोठें सुरू होते?

आमच्या आत्याबाई कित्येक वर्षें तोंडानेंच श्वास घेत. पुढें त्यांना दूध करपलेलें कळेना. मग पहिल्या पावसाचा मृद्गंधही नाहींसा झाला. त्यांनीं तो तोटा वार्धक्याच्या खातीं मांडला. अखेर सुनेनें हट्टानें कोल्हापुरास नेलें. डॉक्टरांनीं दुर्बिणीनें पाहिलें, तों दोन्ही नाकपुड्यांत द्राक्षांसारखे मऊ फुगवटे! लोक ज्याला नाकांत मांस वाढणें म्हणतात, तेंच हें. औषधी फवारा झाला, शस्त्रक्रिया झाली. श्वास मोकळा झाला. गंध मात्र अर्धाच परतला.

म्हणून दिवस मोजावे आणि बाजू पाहावी. दहा दिवसांत उतार नसेल, किंवा बरें वाटूं लागून ताप व चेहऱ्याचें दुखणें पुन्हां उसळलें, तर डॉक्टरांकडे जावें. बारा आठवडे लोटले तर कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडे. नाक मोकळें करणारे थेंब तीन ते पांच दिवसांपलीकडे घालूं नयेत; पुढें तेच नाक चोंदवितात. एकच नाकपुडी सतत बंद राहून रक्त येत असेल, किंवा मुलाच्या एकाच नाकपुडींतून दुर्गंधी स्राव येत असेल, तर वाट पाहूं नये; मुलाच्या नाकांत चिंचोकाही सांपडावयाचा! डोळ्याभोंवतीं सूज, अंधुक दृष्टि किंवा असह्य डोकेदुखी असेल, तर त्याच दिवशीं निघावें. मधुमेह्यांनीं विशेष जपावें: २०२१ सालीं करोनाच्या साथीमागोमाग महाराष्ट्रानें जो म्युकरमायकोसिस पाहिला, त्याची सुरुवात कित्येकांच्या बाबतींत चोंदलेल्या नाकानें आणि बधिर गालानेंच झाली होती.

पाऊस सोसण्यांत आम्हां राधानगरीकरांचा हात कोणी धरणार नाहीं. परंतु ती कीर्ति नाकाच्या जिवावर मिळविण्याचें कांहीं कारण नाहीं.