हरिश्चंद्रगडची वाट

गेल्या माघांत आमच्या घरीं हरिश्चंद्रगडास जाण्याची टूम निघाली. मंडळी सात, त्यांत आम्ही सहासष्ट वर्षांचे, आमचे वडील बंधु अण्णा त्र्याहत्तर वर्षांचे, शिवाय वहिनी, पुतण्या, सूनबाई व दोन मुलें. कोकणकडा एकदां डोळ्यांनीं पाहावा ही अण्णांची विद्यार्थिदशेपासूनची इच्छा, आणि गुडघे तर दरसाल जबाब देऊं लागलेले. तेव्हां बेत लांबणीवर टाकण्यांत अर्थ नव्हता.

पुतण्यानें आपल्या संगणकांतील यंत्रबुद्धीस विचारिलें, आणि पांच मिनिटांत टिपण आमच्या हातीं पडलें: खिरेश्वराहून चढावें, टोलार खिंडीमार्गें तीन तास पुरतात, वाटेंत पाणी मुबलक आहे.

हें यंत्र कधीं डोंगर चढलेलें नाहीं, हें सांगावयास नकोच. परंतु डोंगर चढून आलेल्या हजारों लोकांनीं आपापले प्रवासवृत्तांत लिहून ठेविले आहेत, व त्यांचा शोध घेणारें एक साधन त्यास जोडून देतां येतें. प्रश्न येतांच यंत्राचा दूत त्या साधनाकडे जातो, नुसता शब्दास शब्द न जुळवितां अर्थाशीं अर्थ जुळवून उतारे काढितो, आणि त्यांचा एकजीव सारांश करून देतो. आमच्या मतें सारी मेख त्या एकजीवपणांत आहे. नैयायिकांनीं शब्दास प्रमाण मानिलें खरें, पण तो आप्ताचा असावा ही अट घातली; ज्यानें वस्तु यथार्थ जाणिली आणि जशी जाणिली तशीच जो सांगूं इच्छितो, तो आप्त. सारांशांत आप्त कोण तेंच पुसलें जातें.

आम्हीं पुतण्यास विचारिलें, "हें वाक्य कोणाचें? कोणत्या महिन्यांतलें? आणि बोलणाऱ्याचें वय काय?"

"काका, प्रत्येक उतारा तारखेसह निराळा मागवितों," तो म्हणाला.

तसें करतांच टिपणाचे सांधे दिसूं लागले. मुबलक पाणी एका मंडळीस ऑगस्टच्या अखेरीस मिळालें होतें. तीन तास हे पंचविशीच्या एका तरुणाचे, तोहि एकटा आणि पाठीवर ओझें हलकें. एप्रिलांत गेलेल्या तिसऱ्यानें ओढे कोरडे असल्याचें लिहिलें होतें; त्याचा शब्द सारांशांत कोठेंच नव्हता. टोलार खिंडीच्या वर कातळाचा चढ आहे आणि त्यापुढें एकीसारखी दुसरी अशा टेकड्या आहेत, तेथें धुक्यांत वाट चुकते, हेंहि गळलें होतें. मात्र यंत्रास न्याय दिला पाहिजे. याच शोधांत एका बाईंचा वृत्तांत निघाला. त्यांनीं साठी उलटलेल्या आईस पाचनईच्या वाटेनें नेलें होतें, आणि कोठें बसावें, कोठें हात धरावा, सारें नीट लिहिलें होतें. आम्ही आपल्या हातांनीं तो शोधीत बसलों असतों तर माघ सरून वैशाख आला असता.

विष्णुभट गोडसे वरसईकर १८५७ सालीं उत्तरेकडे निघाले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं छापून प्रसिद्ध केला. भटजी वाटेंतील हाल व भीति सांगतात तसे दक्षिणेचे हिशेबहि लपवीत नाहींत, म्हणून त्यांच्या शब्दावर विश्वास बसतो. त्या बाईंचें लिहिणें आम्हांस त्याच जातीचें वाटलें.

गड पुणें, ठाणें व अहिल्यानगर या तिन्ही जिल्ह्यांच्या सीमेवर आहे; पाचनई अकोले तालुक्यांत. पहांटे निघालों, आणि बसत उठत सव्वातीन तासांत हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाशीं पोहोंचलों. चांगदेवांनीं 'तत्त्वसार' येथेंच रचिलें असें परंपरा सांगते. जवळच केदारेश्वराची लेणी. मोठ्या शिवलिंगाभोंवतीं कंबरभर पाणी, चार खांबांपैकीं एकच शाबूत. चार खांब म्हणजे चार युगें, ही कथा बहुतेक वृत्तांतांत आहे. माघांतलें तें पाणी किती गार असतें हें मात्र पाय घातल्यावरच कळलें. मुलें किंचाळलीं, वहिनींनीं हर हर म्हणून मुकाट्यानें प्रदक्षिणा पुरी केली.

कोकणकड्यावर अण्णांस पालथें निजवून, पाय आम्हीं दोघांनीं धरून, खालीं पाहूं दिलें. कडा आंत वळलेला असल्यामुळें खालचें कोकण पायांखालीं नसून पोटाखालीं आहे असें वाटतें. अण्णा बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "उठवा आतां."

खरी परीक्षा उतरतांना झाली. अण्णांचे गुडघे थरथरूं लागले, काठी घसरूं लागली, आणि पुतण्यानें त्यांस जवळ जवळ कवेंत घेऊन आणिलें. चढण्यापेक्षां उतरण्यास पाऊण तास अधिक लागला. वृत्तांत लिहिणारे माथ्यावर पोहोंचले कीं लेखणी ठेवितात. त्या बाईंनींहि उतार एका ओळींत संपविला होता.

घरीं आल्यावर आम्हीं स्वतः वृत्तांत लिहिला: महिना, निघाल्याची व पोहोंचल्याची वेळ, पाणी कोठें होतें, अण्णा कोठें कोठें बसले. "काका, वयें घालूं का?" असें पुतण्यानें विचारिलें. आम्ही म्हटलें, "आधीं तींच घाल."

महिन्याभरानें त्यास यंत्रापुढें तोच प्रश्न पुन्हां ठेवावयास सांगितलें. उत्तरांत आमची एक ओळ आली होती: उतरतांना अधिक वेळ धरावा. कोणाला, केव्हां, हें नव्हतें. पुतण्या हंसला, आणि न सांगतांच उतारे तारखांसह मागवूं लागला.