प्रेमाचा क्रम

सिल्वासात माणूस येतो तो कमवायला. दमणगंगेच्या काठचा हा मुलूख मुळात वारली, कोकणा, धोडिया यांचा. 1783 साली तो पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला आणि 2 ऑगस्ट 1954 रोजी मुक्त झाला. पुढे करसवलती मिळाल्या, सूत आणि प्लास्टिकचे कारखाने उभे राहिले आणि वापी स्टेशनवर उतरून गावोगावची माणसं इकडे येऊ लागली. त्यांत मराठी ख्रिस्ती कुटुंबंही आहेत. मी धर्मगुरू आहे. ख्रिस्ती अध्यात्म हा माझ्या अभ्यासाचा विषय आणि अशा कुटुंबांसाठी साधनेचे दिवस घेणं हे माझं आवडतं काम.

या दिवसांत लोक जे विचारतात ते फार रोखठोक असतं. “फादर, रविवारी ओव्हरटाइम मिळतो. मिस्सा चुकली तर देवाला चालेल का?” “फ्लॅट बुक केलाय, हप्ता जड आहे. मुलांसाठी धडपडणं म्हणजे लोभ का?” कोणी विचारतं, “देवावर खरं प्रेम करायचं तर हे सगळं सोडायलाच हवं का?” प्रश्न वेगवेगळे वाटले तरी त्यांच्या तळाशी भीती एकच आहे. देव आणि संसार एकमेकांचे वैरी आहेत, एकाला दिलं की दुसऱ्याचं कमी होतं, असं या माणसांना वाटतं. ही भीती मला खोटी वाटत नाही, पण तिची मांडणी चुकते, असं माझं ठाम मत आहे.

योहानाच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात जगाच्या मोहाबद्दल कडक इशारा आहे. तिथे तीन गोष्टींवर बोट ठेवलं आहे: शरीराचे चोचले, नजरेची हाव आणि आपल्या ऐपतीचा तोरा. मात्र त्याच परंपरेतलं योहानाचं शुभवर्तमान सांगतं की देवाने जगावर इतकं प्रेम केलं की आपला पुत्र दिला. आणि बायबलच्या पहिल्याच अध्यायात निर्माण केलेलं सगळं पाहून देव ते चांगलं ठरवतो. म्हणजे शेत, पगार, जेवण, नवराबायकोची जवळीक, मुलांचं शिक्षण यांपैकी काहीच मुळात वाईट नाही. संत ऑगस्टीन यांनी हे कोडं सोडवलं ते क्रमाच्या विचाराने. माणूस बहुतेक वेळा वाईट वस्तूवर प्रेम करून बिघडत नाही. चांगल्या वस्तूला तो भलत्या जागी बसवतो आणि बिघडतो. पैशाकडून सोय मागितली तर पैसा ती देतो. त्याच्याकडून निर्भयता मागितली, तर कितीही आला तरी पुरत नाही, कारण ते देणं त्याच्या हातातच नसतं.

ऑगस्टीन हे नुसतं पुस्तकी बोलत नव्हते. सत्य पटल्यावरही देहाच्या सवयी सुटेनात, आज नको, उद्या बघू, असं ते स्वतःला समजावत राहिले. हे सगळं त्यांनी ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात उघडपणे लिहिलं आहे. अखेर 387 च्या ईस्टरला मिलानमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. नुसत्या निग्रहाने ओढ जात नाही, हा त्यांचा अनुभव. स्कॉटलंडचे धर्मोपदेशक टॉमस चामर्स (1780–1847) यांनी योहानाच्या याच इशाऱ्यावर प्रवचन देताना तो नेमका मांडला: मन रिकामं राहू शकत नाही, जुनं प्रेम निघतं ते त्याहून मोठं प्रेम आत आल्यावरच. ख्रिस्ती साधनेचं मर्म मला इथे सापडतं. वासनेशी दिवसरात्र झुंजत बसणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दिवसरात्र वासनाच असते.

साधनेत कानावर आलेलं मी बाहेर सांगत नाही, म्हणून साक्ष काढतो ती इतिहासातल्या माणसांची. इथून दक्षिणेला, रेल्वेच्या याच मार्गावर वसई आहे. तिथे सोळाव्या शतकाच्या मध्यात गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईत येशूसंघीयांकडे ते शिकले आणि कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की ते जपानी लोकांना धर्मशिक्षण देऊ लागले. त्या संघात जाण्याची त्यांची मनापासूनची इच्छा होती, पण प्रवेश मिळाला नाही. मग त्यांनी व्यापार सुरू केला. तो भरभराटला, पैसा आला, ओळखी वाढल्या.

कोणीही म्हणालं असतं की देवाने एक दार लावलं आणि दुसरं उघडलं, आता सुखाने राहावं. व्यापार प्रामाणिक होता, त्यात पाप नव्हतं. तरीही गोन्सालो तो सोडून मनिलाला गेले आणि फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू झाले. 1593 साली फिलिपिन्सच्या गव्हर्नरचे दूत म्हणून पेद्रो बाप्तिस्ता जपानला निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालो त्यांच्यासोबत होते. जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्यापुढे हा वसईकर बोलला. पुढे राजकारण फिरलं. 1596 च्या अखेरीस या मंडळींना अटक झाली, त्यांच्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली आणि भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आलं. 5 फेब्रुवारी 1597 रोजी तिथल्या निशिझाका टेकडीवर 26 जणांना क्रुसावर मारण्यात आलं. त्यांत गोन्सालो होते. 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिलं. वसईतल्या महाविद्यालयाला आज त्यांचं नाव आहे.

त्यांच्या हौतात्म्याविषयी पुष्कळ बोललं जातं. मला त्याआधीचा, दुकान सोडण्याचा क्षण जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांनी व्यापाराचा तिरस्कार केला नाही. जे प्रेम मनात आधीपासून होतं, ते यशानेही मिटलं नाही, एवढंच घडलं. आणि जपानात मिळवलेली भाषा, माणसांची पारख, दरबारी लोकांशी वागण्याची रीत यांतलं काहीच वाया गेलं नाही. दुभाष्याच्या कामात सगळं उपयोगी पडलं. देवाला निवडलं म्हणजे आपलं कसब, आपली हुशारी मातीत जाते, असं घाबरणाऱ्यांना मी गोन्सालोंचं आयुष्य वाचायला सांगतो.

सगळ्यांनीच दुकान सोडावं का? याचं उत्तर इग्नेशियस लॉयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात आहे. 1548 साली पोपची मान्यता मिळालेलं हे पुस्तक आजही आमच्या साधनेचा पाया आहे. त्यात तीन प्रकारच्या माणसांचं एक मनन येतं. तिघांनाही 10,000 डुकाट मिळाले आहेत. पैसा चोरीचा नाही, पण तो मिळवताना मनात केवळ देवाचं प्रेम नव्हतं, आणि आता त्याची ओढ तिघांनाही टोचते आहे. पहिला म्हणतो, ही ओढ सुटायला हवी, पण मरेपर्यंत करत काहीच नाही. दुसऱ्यालाही ती सोडायची आहे, मात्र पैसा राहायलाच हवा ही त्याची अट आहे. तो देवाकडे जात नाही, देवाने आपल्याकडे यावं असं त्याला वाटतं. तिसरा ओढ सोडतो आणि पैशाचा निर्णय मोकळा ठेवतो. देवाच्या सेवेला ठेवणं बरं असेल तर ठेवीन, देणं बरं असेल तर देईन, असं त्याचं म्हणणं.

आपल्यातले बहुतेक भाविक दुसऱ्या प्रकारात मोडतात. आपण चर्चला जातो, दानही देतो. फक्त एक खोली आतून कडी लावून ठेवतो आणि उरलेलं घर देवाला दाखवतो. कोणाच्या त्या खोलीत जमिनीचा वाद असतो, कोणाच्या एखादं नातं, कोणाच्या समाजातला मान. साधनेच्या दिवसांत मी लोकांना सगळ्या वासनांची यादी करायला लावत नाही. कडी कुठे आहे, तेवढंच शोधायला सांगतो. शोधायची रीतही इग्नेशियसनी दिली आहे: अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सल्ला द्याल? मरणाच्या घडीला आज कोणता निर्णय घेतला असता तर बरं वाटेल? राखेच्या बुधवारपासून सुरू होणाऱ्या प्रायश्चित्तकाळातल्या तीन रीतीही योहानाच्या तीन इशाऱ्यांशी जुळतात. उपवास शरीराच्या चोचल्यांना आवर घालतो, दानधर्म नजरेची हाव सैल करतो आणि प्रार्थनेत ऐपतीचा तोरा गळतो.

इथे एक सावधगिरी हवी, आणि ती मी लक्ष्मीबाई टिळकांकडून शिकलो. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते मानत. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली ही कथा मराठी मनात खोल रुजलेली आहे, आणि टिळकांचा पिंडही त्याच जातीचा. 1917 साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, ख्रिस्ती संन्यासी झाले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. 9 मे 1919 रोजी त्यांचं निधन झालं. हा त्याग खरा होता. पण लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचताना दिसतं की हाती आलेला पैसा टिळक दुसऱ्याला देऊन मोकळे होत आणि घर चालवायची वेळ लक्ष्मीबाईंवर येई. धर्मांतरानंतरची ताटातूटही त्यांनीच सोसली, पुढे 1900 साली स्वतःच्या विचाराने त्या ख्रिस्ती झाल्या आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनीच पुरं केलं. त्यागाची किंमत बहुतेकदा एकटा त्यागी मोजत नाही, घरही मोजतं. म्हणून माझ्याकडे येऊन कोणी “नोकरी सोडून देवाचं काम करतो” म्हणाला, की मी आधी त्याच्या बायकोला भेटायला बोलावतो. देवाचं प्रेम शेजाऱ्याच्या प्रेमापासून तोडता येत नाही. येशूने या दोन आज्ञा एकत्र सांगितल्या, आणि सगळ्यांत जवळचा शेजारी आपल्याच घरात असतो.

आता रविवारच्या ओव्हरटाइमविषयी. ज्याला कामाला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्यावर ख्रिस्तसभा दोष ठेवत नाही. शनिवारच्या संध्याकाळची मिस्साही चालते. ज्याला सोय आहे, त्याने जादा पैसे कशासाठी हवेत ते स्वतःला विचारावं. आणि हाच प्रश्न मालकालाही आहे. विश्रामदिनाची आज्ञा ‘निर्गम’ आणि ‘अनुवाद’ या दोन्ही पुस्तकांत येते आणि तिच्यात घरच्यांबरोबर नोकरचाकर, गुरंढोरं आणि आपल्या वेशीच्या आत राहणारा परकाही मोडतो. सिल्वासात हा परका म्हणजे परप्रांतातून आलेला, एका खोलीत पाचसहा जणांबरोबर झोपणारा कामगार. त्याचा आठवड्याचा एक दिवस ज्याला राखता येत नाही, त्याने देवावरच्या आपल्या प्रेमाची परीक्षा तिथेच घ्यावी.

शुभवर्तमानांत दोन श्रीमंत माणसं आहेत. मार्कच्या दहाव्या अध्यायातला माणूस सगळ्या आज्ञा पाळणारा. येशूने त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं, हे एकट्या मार्कने लिहिलं आहे, आणि मग सर्व विकून गरिबांना द्यायला सांगितलं. तो खिन्न होऊन निघून गेला. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय लोकांना नाडणारा जकातदार. येशूने त्याच्याकडे काहीच मागितलं नाही, फक्त आज तुझ्याकडे उतरतो म्हणून सांगितलं. जक्कयने आपण होऊन अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करण्याचा शब्द दिला. प्रेम दोघांनाही आधी मिळालं होतं. एकाने ते ओळखलं नाही आणि त्याच्या वाट्याला फक्त मागणी राहिली. दुसऱ्याने ते ओळखलं आणि त्याला मागावंच लागलं नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला काय सोडायचं ते मी आधी सांगत नाही. देवाने तुझ्यावर आधीच प्रेम केलं आहे, हे ओळख, इतकंच सांगतो. काय सोडायचं, काय ठेवायचं आणि कोणाला काय परत द्यायचं, हे त्या ओळखीतून ठरत जातं.