सिद्धाचलमची गोचीड

कोसाडमध्ये चढ म्हणजे आमच्या इमारतीचा जिना. तापीकाठची सगळी सपाट जमीन, डोंगर बघायचा तर गाडीत बसून लांब जावं लागतं. "आई, या वेळी मी तुला जंगलात चालायला नेणार," असं लेकीने फोनवर सांगितल्यापासून मी रोज सामायिक झालं की चार मजले तीनदा चढू-उतरू लागले, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन. तिसऱ्या मजल्यावरच्या बेन दार उघडून विचारायच्या, "मासी, लिफ्ट बंद छे?" यांनी एवढंच म्हटलं, "गुडघे दुखले तर मला सांगू नकोस."

माझं माहेर मनमाडचं. शाळेची सहल अंकाई-टंकाईला जायची. जैन लेण्यांपाशी डबे खायचे आणि मग किल्ल्यावर पळत सुटायचं. लग्नानंतर ते सुटलं. सासूबाईंनी मात्र शिखरजी केलं आहे, तेही अनवाणी. नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर वर टूंकांचं दर्शन, नऊ किलोमीटर उतार. आम्ही स्थानकवासी, मूर्तिपूजा आमच्यात नाही; पण वीस तीर्थंकर जिथून मोक्षाला गेले त्या डोंगरावर पाय ठेवावा असं कुणाला वाटत नाही? मला वाटलं, आणि राहून गेलं. आधी मुलांच्या परीक्षा, मग सासऱ्यांचं आजारपण. कारणं खरीच होती.

लेक न्यू जर्सीत पार्सिपनीला राहते. जूनमध्ये तिथे सूर्य साडेआठला मावळतो, त्यामुळे चौविहाराची सोय फार छान. संध्याकाळी सात वाजता निवांत स्वयंपाकाला लागलं तरी चालतं. सुरतेत मी सहालाच घड्याळाकडे बघत पोळ्या लाटते.

पहिल्या शनिवारी ती मला डेलावेअर नदीच्या खिंडीपाशी घेऊन गेली. तिथून ॲपलेशियन ट्रेल जाते. जॉर्जियापासून मेनपर्यंत चौदा राज्यांतून जाणारी ही पायवाट साडेतीन हजार किलोमीटर लांब आहे आणि ती 1937 मध्ये पूर्ण झाली. पाट्या फारशा नाहीत. झाडांच्या खोडांवर दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरे पट्टे रंगवलेले. एक दिसला की पुढचा शोधायचा. एकावर एक दोन पट्टे दिसले तर समजायचं, वाट वळते आहे.

लेकीने मला एमा गेटवुड नावाच्या बाईंची गोष्ट सांगितली. अकरा मुलांची आई. 1955 साली, सदुसष्टाव्या वर्षी, ही सगळी वाट त्या एकट्या चालल्या. पायात साधे कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघराचा पडदा. घरी फक्त फिरायला जाते म्हणून सांगितलं होतं. मी कोसाडहून अमरोलीला भाजी आणायला जाताना तिघांना सांगून जाते.

वाट दगडांची. एक पाऊल टाकायचं आणि पुढचं कुठे टाकायचं ते बघायचं. तासाभराने माझ्या लक्षात आलं की मी चार हातांपलीकडे बघतच नाही आहे. ईर्यासमिती! आमच्या साध्वीजी विहारात अशाच चालतात, नजर खाली, पुढच्या चार हात जमिनीवर. त्यांना जीव वाचवायचे असतात, मला गुडघा. पण नजर खाली गेली की जे दिसायचं ते दिसतंच. मुंग्यांची वारुळं, दगडांवरचं शेवाळ, ओली माती, दोन काटक्यांमधलं कोळ्याचं जाळं आणि त्यावर दव. इरियावहियं मी गेली पन्नास वर्षं तोंडपाठ म्हणते आहे. चालताना ज्या ज्या जिवांना दुखवलं असेल त्यांची त्यात क्षमा मागायची असते. पण त्यातलं दव, वारुळं, शेवाळ, चिखल, कोळ्याची जाळी हे सगळं एका वाटेवर, ओळीने, मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. सुरतेत आम्ही ते पाठ नीट म्हणतो आणि चालतो सिमेंटवर.

ठरवलं होतं सनफिश पाँड नावाच्या तळ्यापर्यंत जायचं. मी पोचले नाही. अर्ध्या वाटेत एका ओंडक्यावर बसून ठेपले खाल्ले आणि परत फिरलो. तिथे काळी अस्वलं असतात. लेक म्हणाली, बोलत चालायचं, म्हणजे ती दूर राहतात. मी मोठ्याने नवकार म्हणत उतरले. अस्वल दिसलं नाही. नवकारामुळे की माझ्या आवाजामुळे, कोण जाणे!

पुढच्या शनिवारी सिद्धाचलम. ब्लेअर्सटाउनजवळच्या जंगलात आचार्य सुशीलकुमारजींनी 1983 मध्ये हे तीर्थ स्थापन केलं. सुशीलकुमारजी स्थानकवासी साधू. 1975 मध्ये ते विमानाने परदेशी गेले. साधूने वाहनात बसायचं नाही हा नियम. किती गदारोळ झाला असेल याची कल्पना आपल्या वाचकांना देण्याची गरज नाही. आमच्या मनमाडच्या स्थानकातही मोठी माणसं त्यावरून भांडत, एवढं मला लहानपणचं आठवतं. आणि ज्यांच्या परंपरेत मूर्ती नाही त्यांनी अमेरिकेत दिगंबर आणि श्वेतांबर दोघांसाठी मंदिर उभं करावं! चुकलं की बरोबर, मला अजून ठरवता येत नाही. एवढं खरं की ते गेले नसते तर त्या जंगलात नवकार म्हणायला मला कुणी बोलावलं नसतं.

तिथे टेकडीच्या झाडीत शिखरजीची प्रतिकृती आहे, 2012 मध्ये खुली झालेली. वीस टूंका, मधून पायवाट. निघायच्या आदल्या रात्री सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं, "तिथे चाललीस म्हणजे यात्रा झाली असं समजू नकोस हं." मीही तसं समजत नव्हते. पण पानांचा ओला वास, नातीचं बोट हातात आणि एकेका टूंकेपाशी थांबून एकेका तीर्थंकराचं नाव घेणं. पार्श्वनाथांच्या टूंकेपाशी पोचेपर्यंत माझे डोळे भरून आले होते. खोट्या डोंगरावर खरं पाणी कसं आलं, असं मी मनातल्या मनात स्वतःलाच चिडवलं.

घरी आल्यावर लेकीने मला न्हाणीघरात उभं केलं. तिकडे जंगलातून आलं की अंग तपासायचं असतं, कारण हरणांवरच्या गोचिडी माणसालाही चिकटतात आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. माझ्या गुडघ्यामागे होती एक. तिळाएवढी. लेकीने बारीक चिमट्याने ती कातडीलगत धरली, सरळ वर ओढली आणि कागदी रुमालावर ठेवली. पाय हलत होते.

"चिकटपट्टीत बंद करून टाकून देते," ती म्हणाली.

"थांब. मी बाहेर सोडून येते."

"आई, बाहेर म्हणजे कुठे? मागच्या गवतात? तिथे कोण खेळतं?"

"लांब सोडते."

"लांब म्हणजे दुसऱ्या कुणाच्या पायाला."

मी ऐकलं नाही. ढेकूण, मुंगी, गोचीड, सगळे तेइंद्रिय जीव. पाठशाळेत मी स्वतः मुलांना शिकवते. जाणूनबुजून त्रस जीव मारायचा नाही हे तर श्रावकाचं पहिलं अणुव्रत. स्वयंपाक करताना, झाडताना जी हिंसा होते ती वेगळी. ठरवून केलेली वेगळी. मी रुमाल हातावर घेऊन मागच्या दाराने बाहेर आले. कुंपणापलीकडे झाडी होती, तिथे सोडणार होते. तेवढ्यात माझ्यामागून नात धावत आली. अनवाणी. "आजी, काय आहे? मला दाखव." ती माझ्या हाताला लोंबकळली. रुमाल कलला. मी बघितलं तर गोचीड कडेला आली होती.

मी रुमाल मिटला आणि अंगठ्याच्या नखाने दाबला. गोचीड लवकर मरत नाही. दुसऱ्यांदा दाबावं लागलं. पहिल्यांदा घाबरून दाबला असं मी म्हणू शकते. दुसऱ्यांदा मी घाबरलेली नव्हते.

डॉक्टरांनी फोनवर दोन गोळ्या लिहून दिल्या, एकदम घ्यायच्या. त्या घेतल्या. त्या गोळ्यांनी आणखी किती सूक्ष्म जीव गेले याचा हिशेब मी मांडला नाही, कारण एकाचाच मांडून होत नव्हता. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात इरियावहियंपाशी मी अडखळले. त्यात नकळत झालेल्याचीही क्षमा आहे, पण माझं नकळत नव्हतं. लेक दारातून म्हणाली, "आई, तू बरोबर केलंस." तिने तसं म्हणू नये असं मला वाटलं.

सासूबाईंना सांगायचं नाही असं ठरवलं होतं. परत आल्यावर पंधरा दिवस सांगितलंही नाही. मग पावसाळा लागला. कोसाडला पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटवर पाखरांची झुंबड उडते, आम्ही संध्याकाळी दिवे विझवून बसतो. अशाच एका अंधाऱ्या संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगून टाकलं, दुसऱ्यांदा दाबल्याचंसुद्धा. माळ ओढता ओढता त्या थांबल्या.

बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "शिखरजीला आम्ही पहाटे तीनला निघालो होतो. ऊन व्हायच्या आत वर पोचायचं म्हणून. सगळेच तसे निघतात. वीसपंचवीस बायका आणि दोन बॅटऱ्या." पुन्हा माळ सुरू झाली, पुन्हा थांबली. "काळोखात अनवाणी पायाखाली मऊ काहीतरी आलं होतं. मी खाली बघितलं नाही. पुढे गेले."

एवढ्या वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. शिखरजीचं वर्णन मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं आहे.

"दाखव बघू कुठे चावली ते," त्या म्हणाल्या. मी साडी वर करून गुडघा त्यांच्यापुढे केला. दिवे बंदच होते. त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं.