पट्टीखालची भोकं

धर्मापुरीत गाडी गंजते असं म्हटलं की आमचे कोकणातले पाव्हणे हसतात. त्यांच्याकडं खारी हवा, आमच्याकडं आठ महिने फुफाटा. पण लोखंडाला गंजायला समुद्र कशाला पाहिजे? ओल अडकून राहील एवढी फट पुरते. आमची फियाट गोठ्याला लागून उभी असायची. गुरांच्या मुताची ओल, पेरणीच्या दिवसांत डिकीतून येणारी खताची पोती, धुवायला बोअरचं खारं पाणी. समुद्राची उणीव आम्ही घरच्या घरीच भरून काढली होती.

फियाट म्हणजे खरं तर प्रीमियर पद्मिनी, मुंबईच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात झालेली. पण पद्मिनी म्हणून तिला गावात कुणी ओळखलं नाही. आण्णांनी ती जुनीच घेतली होती. कितीतरी अडलेल्या बाया तिनं रात्री-अपरात्री अंबाजोगाईला पोचवल्या. आण्णा गेल्यावर धाकटा म्हणाला, "भंगारात देऊन टाकू, दादा. पत्राच राहिला नाही तर पासिंग कसं व्हईल?" त्याचं खोटं नव्हतं. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर 5 वर्षांनी नवी करावी लागते, आणि तिथं आठवणी दाखवून भागत नाही.

त्याआधी आण्णांनीच शहरातल्या एका पेंटरकडून तिला नवं करून घेतलं होतं. लांबी भरलेली, वर चकचकीत पांढरा रंग. एक पावसाळा झाला अन् क्रोमच्या पट्टीखालून, दाराच्या हँडलखालून, नंबरप्लेटच्या दिव्याखालून तांबडे ओघळ उतरले. जिथं जिथं दागिना, तिथं तिथं डाग.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींना दाखवली. त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी हँडल खोललं, आतलं कडक झालेलं रबर नखानं उचकटलं. खाली भुकटी.

"सर, वरून रंग मारून काय उपेग? आतून पत्रा खायलाय."

पट्टी बसवायला पत्र्याला भोक पाडतात. भोकाच्या कडेला उघडं लोखंड राहतं, तिथं ब्रश कुणी फिरवत नाही. वरून पट्टी नि रबर आलं की आत गेलेलं पाणी वाळत नाही. गंजाला लोखंडापेक्षा जागा जास्त लागते, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. आपल्याला फोड दिसतो तोवर खालचं काम झालेलं असतं.

चाचांनी सगळे दागिने उतरवले. बंपर, आरसा, मोनोग्राम, पट्ट्या. प्रत्येक भोक पॉलिश पेपरनं पांढरं लोखंड दिसेस्तोवर घासलं. जिथं पत्रा चाळणी झाला होता तिथं कापून नवा जोडला. लांबीला हातसुद्धा लावला नाही. मग रेड ऑक्साइड, बारीक ब्रशनं, भोकाच्या आतल्या कडेलासुद्धा. तो पुरता वाळल्यावर रंग. बसवताना नवी रबरं, स्क्रूखाली प्लास्टिकचे वायसर, म्हणजे पिळताना रंग सोलत नाही, आणि प्रत्येक स्क्रू ग्रीसमध्ये बुडवून. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची भोकं असतात. ती मातीनं बुजली होती. तारेनं मोकळी केली. माझ्या मते अर्धी गाडी त्या तारेनंच वाचवली.

आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "लेकराचे कान टोचल्यावर भोकात तेल घालावं लागतंय, नाहीतर चिघळतंय. ह्येचंबी तसंच की."

"अम्मा बरोबर बोलल्या," चाचा म्हणाले, आणि ग्रीसचा डबा पुढं ओढला.

आता गाडी गोठ्यापासून लांब, पत्र्याच्या शेडात असते. ताडपत्री काढून टाकली. तिच्याखाली रात्रभर घाम धरायचा. मृगाआधी एकदा रबरं दाबून बघतो, धुतल्यावर पट्टीच्या कडेनं कोरडं फडकं फिरवतो. पासिंग झालं. धाकटा आता पोरांना तिच्यातूनच केदारेश्वराला नेतो आणि भंगाराचा विषय काढत नाही.

अडचण फक्त दसऱ्याची. खंडेनवमीला आई बंपरला झेंडूचा ओला हार तारेनं बांधते, वर नारळाचं पाणी. काही बोलायची सोय नाही. मी तार काढून सुतळी दिलीय, आणि आई झोपली की हार काढून स्टिअरिंगवर ठेवतो.