वीतभर अंतर

‘घरी गाणं रेकॉर्ड करायचंय, कुठला माइक घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी खोलीची चौकशी करतो. खिडकी रस्त्याकडे उघडते का? वरच्या मजल्यावर कोण राहतं? लोखंडी कपाट आहे का? विचारणारा वैतागतो, कारण दोन-तीन माइकची नावं आणि किमती त्याने तोंडपाठ करून आणलेल्या असतात. पण गळा बहुतेकांचा बरा असतो, घोडं अडतं ते खोलीपाशी.

माझी खोली पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत, दहा बाय अकराची. दिवसा तिथे रिक्षा, भाजीवाला, कुकरच्या शिट्ट्या. रात्री पंखा बंद केला तरी तीसेक डेसिबलची गुणगुण उरतेच. कंडेन्सर माइकच्या माहितीपत्रकात त्याच्या अंगच्या सुरसुरीचा आकडा दिलेला असतो. रोडच्या एनटी१-एचा आहे ५ डेसिबल, इतर अनेकांचा १२ ते १५. स्टुडिओत हा फरक मोलाचा. तीस डेसिबलच्या खोलीत तो कुणाच्याही कानाला कळणार नाही, तेव्हा त्यासाठी पैसे मोजू नयेत.

माइकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या प्रीअँपचंही बरंचसं असंच. नुसत्या उष्णतेमुळे कुठल्याही वाहकात इलेक्ट्रॉनची चुळबुळ चालू असते आणि तिचा बारीक आवाज होतो. दीडशे ओहमच्या माइकसाठी ही पातळी उणे १३१ डीबीयूच्या आसपास येते. प्रीअँप कितीही महाग असो, या पातळीखाली त्याला जाता येत नाही. माइक संगणकाला जोडणाऱ्या आजच्या साध्या इंटरफेसमधले चांगले प्रीअँप उणे १२७-१२८ पर्यंत पोचले आहेत. म्हणजे केवळ शांततेसाठी वेगळा प्रीअँप घेतला तर हाती लागणार फार तर तीन-चार डेसिबल. त्याउलट गाणाऱ्याला फुटावरून अर्ध्या फुटावर बसवलं की आवाज सहा डेसिबलने वर येतो आणि खोलीची गुणगुण होती तिथेच राहते. तेही फुकटात. नीव्ह १०७३ सारख्या प्रीअँपला लोक भाव देतात तो त्याच्या ट्रान्सफॉर्मरमुळे आवाजावर चढणाऱ्या रंगासाठी. तो रंग मलाही आवडतो, पण ती चैन झाली.

प्रीअँपची खरी परीक्षा डायनॅमिक माइक घेतो. १९८२च्या ‘थ्रिलर’मध्ये ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडिननी मायकल जॅक्सनचा आवाज शूरच्या एसएम७ वर घेतला. तेव्हापासून त्या माइकभोवती जे वलय आहे, ते पाहून त्याचा आजचा अवतार, एसएम७बी, घरोघरी पोचला. पण ज्या आवाजाला एनटी१-ए साधारण २५ मिलिव्होल्ट देतो, त्याच आवाजाला हा देतो जेमतेम एक. त्याला किमान ६० डेसिबलचा स्वच्छ गेन लागतो. जुन्या स्वस्त इंटरफेसचं बटण तिथवर जातच नाही, आणि गेलं तर शेवटच्या पावपट्टीत सूंसूं सुरू होते. मोकळ्या गळ्याने गाणाऱ्याचं त्यात निभावतं. विलंबित ख्यालात मंद्रातली हळुवार आलापी आली की मात्र सुराबरोबर ती सूंसूंही ऐकू येते.

डायनॅमिक माइक खोलीचा आवाज घेत नाही, ही समजूत दूर करायला हवी. त्याच अंतरावर, त्याच दिशेने ठेवलेला कार्डिऑइड कंडेन्सरही जवळपास तेवढीच खोली ऐकतो. डायनॅमिकसमोर माणूस ओठ टेकवून गातो, म्हणून खोली मागे पडते. कार्डिऑइड माइक पाठीमागून बहिरा असतो. त्याची पाठ खिडकीकडे करावी, आणि गाणाऱ्याच्या मागे दोरीवर जाड गोधडी टांगावी. वापरातल्या जुन्या गोधडीइतकं काम विकतचा पातळ फोम करत नाही. लोखंडी कपाटावरही एखादी टाकावी, नाहीतर तार सप्तकात ते साथ करतं.

मग सगळ्यांनीच माइकला चिकटून का गाऊ नये? कारण जवळ गेलं की कार्डिऑइडमध्ये खर्ज फुगतो. भावगीत गाणारा एका जागी स्थिर बसतो, त्याला वीतभर अंतर आणि मध्ये पॉप फिल्टर पुरतो. माइक नाकाच्या रेषेत ठेवून किंचित खाली झुकवला की ‘फ’ आणि ‘भ’ची फुंकर खालून निघून जाते. ख्याल गाणारा तानेबरोबर डोलतो, हात फेकतो, समेवर पुढे झुकतो. त्याला वीतभरावर बसवलं तर प्रत्येक झोक्याला आवाजाचा पोत बदलतो. त्याला मी दीड-दोन वीत मागे सरकवतो आणि खोलीचा थोडा वास चालवून घेतो.

या अंतराला इतिहासही आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान पहिल्या ध्वनिमुद्रिकांसाठी गायल्या तेव्हा समोर कर्णा होता आणि त्यात आवाज जोराने ओतावा लागे. १९२५च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि हलक्या आवाजातलं गुणगुणणंही तबकडीवर उमटू लागलं. गजानन वाटव्यांपासूनचं मराठी भावगीत या सोयीवरच वाढलं, असं माझं मत आहे.

माइकच्या रंगाबद्दल एकच सांगतो. अनेक स्वस्त कंडेन्सरमधली कॅप्सूल न्यूमनच्या के६७ची नक्कल असते. मूळ कॅप्सूल वरच्या पट्टीत चढी आहे आणि तो चढ न्यूमनच्या यू६७ माइकमध्ये आतलं सर्किट उतरवतं. नकलेत बहुधा कॅप्सूल येते, सर्किट येत नाही. मग पातळ, टोकदार गळ्याचा ‘स’ आणि ‘श’ कानाला चावतो. अशा गळ्याला मी बिनदिक्कत एसएम५८ देतो, जो १९६६ पासून विकला जातो आणि रंगमंचावरच जास्त दिसतो. गाणाऱ्याला आपला आवाज त्यात जरा साधा वाटतो. ऐकणाऱ्यांची तक्रार अजून आलेली नाही.

गेन लावताना आलापावर लावू नये. आधी तार षड्ज पूर्ण ताकदीने लावायला सांगावा, काटा उणे दहाच्या खाली ठेवावा आणि मग बटणाला हात लावू नये. २४ बिटमध्ये एवढी जागा मोकळी सोडली तरी काही बिघडत नाही. आणि माइकमधून पैसे वाचलेच तर जड बुडाचा स्टँड घ्यावा. हलका स्टँड ऐन बंदिशीत हळूहळू मान टाकतो, आणि गाणारा डोळे मिटून बसलेला असतो.