नांदेडचे चार तास

प्रवासवर्णन लिहावे असा मोठा प्रवास मी अजून केलेला नाही. लातूरबाहेर गेलो तो लग्नकार्याला, नाहीतर परीक्षेला. म्हणून नांदेडमध्ये घालवलेल्या चार तासांविषयीच लिहितो.

मी बारावी पास झालो तर माहूरच्या रेणुकामातेला लुगडे वाहीन, असा नवस आईने केला होता. तो फेडायला दीड वर्ष लागले. आईचे गुडघे धरलेले, म्हणून मी आणि अण्णा निघालो. अहमदपूर, लोहा करीत एस.टी. गोदावरीच्या पुलावर आली तेव्हा अण्णांनी खिडकीतून रुपया टाकला आणि हात जोडले. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा अण्णांनी कळशी घेऊन रांगेत रात्री काढल्या होत्या. नदी दिसली की त्यांचे हात आपोआप जुळतात.

माहूरच्या गाडीला चार तास होते. मी म्हणालो, "चला, गुरुद्वारा बघू."

"आपल्याला आत घेतेत व्हय?" अण्णांनी विचारले.

वाटेत कडी, कृपाणे, पगडीच्या कापडाची दुकाने लागली. पंजाबातून आलेल्या यात्रेकरूंची गर्दी होती, आणि त्यांच्याशी पंजाबी बोलणारा शीख दुकानदार आमच्याशी अस्सल मराठवाडी बोलला. मी अण्णांना इतिहास सांगू लागलो. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंह यांनी १७०८ साली येथेच देह ठेवला. यापुढे गुरू माणूस नसेल, ग्रंथच गुरू असेल, असे त्यांनी जाण्यापूर्वी सांगितले. आजची इमारत महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवली. अण्णांनी सगळे ऐकून घेतले. त्यांना अक्षरओळख नाही. ते एवढेच म्हणाले, "पुस्तकाला गुरू केलं म्हण की."

जोडे ठेवण्याच्या खिडकीशी मी मागे रेंगाळलो. अण्णांच्या चपलेला टायरचा तळ आहे आणि अंगठा तारेने बांधलेला आहे. आजूबाजूला चांगली कपडेवाली माणसे होती. खरे सांगायचे तर मला लाज वाटली. पलीकडे मनगटावर भारी घड्याळ असलेले एक वयस्क सरदारजी सेवेला उभे होते. त्यांनी ती चप्पल दोन्ही हातांनी घेतली, फडक्याने पुसली आणि अण्णांच्या हाती बिल्ला दिला. अण्णा "राहू द्या, राहू द्या" म्हणत राहिले.

पुढे डोके झाकल्याशिवाय प्रवेश नव्हता. अण्णांच्या डोक्याला पटका होताच. उघडा होतो तो मीच. मला तिथला केशरी रुमाल मागून बांधावा लागला.

दर्शन झाल्यावर लंगरला बसलो. तिथे पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यायची असते. अण्णांनी आजवर कोणापुढे हात पसरलेला नाही. ते ताटाकडे बघत राहिले. शेजारच्या शेठजीने ओंजळ पुढे केली, तेव्हा कुठे त्यांनीही केली. जेवण होताच त्यांनी हळूच विचारले, "पैसे कुणाला द्यायचे?" मी म्हणालो, "इथं पैसे घेत नाहीत."

"मग फेडायचं कसं?"

बाहेर आलो तर गाडीतून गव्हाची पोती उतरत होती. एक तरणा सेवेकरी पोते पोटाशी धरून उचलीत होता. अण्णांना राहवले नाही. "आरं, कंबर मोडून घेशील!" म्हणत ते पुढे झाले, पाठ वाकवली आणि पोते अलगद पाठीवर घेतले. मग दुसरे, मग तिसरे. आडतीवर ते पोत्यामागे मजुरी मोजतात. त्या दिवशी त्यांनी मोजले नाही. तो पोरगा त्यांना "बाबाजी" म्हणत त्यांच्यासारखे वाकून बघत होता. मीही एक पोते घ्यायला गेलो. अण्णांनी मला बाजूला सारले. "तुझं काम येगळं हाय," म्हणाले.

नगीना घाट आणि नंदगिरी किल्ला बघायचा राहिला. धावत स्टँड गाठले, तेव्हा माहूरची गाडी सुटायच्या बेतात होती. अण्णा बसल्याबरोबर झोपले. त्यांच्या सदऱ्याच्या खांद्याला पोत्याची धूळ लागली होती. ती मी झाडली नाही.

प्रवेश अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात गेल्या वर्षी मी 'शेती' लिहिले होते. आमच्याकडे गुंठाभरही जमीन नाही. यंदा मी 'हमाली' असे लिहिले आहे.