कुऱ्हाड न चालणारं रान

भोर-वेल्ह्याच्या डोंगरात मध्येच गच्च, काळोखं रान लागलं, तर आधी चपला काढा. ती देवराई! आत जननी, शिरकाई नाहीतर वाघजाई. इथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा गावाचा दंडक. म्हणून तर कोळशाच्या भट्ट्यांपायी भोवतालचे डोंगर उघडे पडले, तरी हातभर लांब शेंगांची गारंबी इथं टिकली. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी अशा राया हिंडून नोंदवल्या. आता गंमत बघा, देवीचं देऊळ मोठं करायचं म्हणून काही ठिकाणी देवीचीच झाडं पाडतात! खरं तर कित्येक रायांत देवी उघड्यावरच, शेंदूर फासलेला तांदळा. तिला छप्पर रुचत नाही, असं जुनी माणसं सांगतात.